साफ मुळ्या

४ जानेवारी

आत्या,

‘तीर्थरूप’ नि ‘साष्टांग’ लिहिलं की तू म्हणतेस, “काय हवंय ते आधी सांग.” म्हणून आज सरळ मागते. मला कडूमुळी हवी आहे. चांगली दोन किलो.

गंमत करत नाही. सरांनी माझा विषय मान्य केला. एखाद्या औषधी झाडाची मुळी घ्यायची, तिच्यातलं एकेक द्रव्य वेगळं करायचं, ते नेमकं काय आहे ते ओळखायचं आणि त्यावर प्रबंध लिहायचा. सरांनी विचारलं, “कुठली मुळी?” बाकीच्यांनी पुस्तकं चाळून भारदस्त नावं आणली होती. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, “माझी आत्या चाळीस वर्षं एक मुळी देते, बोटं नि गुडघे सुजलेल्या लोकांना.” सर म्हणाले, “काय असतं तिच्यात?” मी म्हटलं, “तेच तर कोणाला माहीत नाही.” हे उत्तर त्यांना आवडलं.

तर आता तुझी अब्रू माझ्या हातात आणि माझी तुझ्या.

एकच सांगणं आहे. मुळ्या अगदी साफ हव्यात. माती नको, कचरा नको आणि दुसरं काहीही मिसळलेलं नको. (खाली रेघ मारलीय ती बघ.) दुकानातली पूड पाठवू नकोस, अख्ख्या मुळ्याच पाठव. इथली यंत्रं फार चोंबडी आहेत, आत जे जे असेल ते सगळं बोलून दाखवतात.

फोनच करणार होते. पण तू फोनवर नुसतं “हं, हं” करतेस आणि मग शेजारच्या शिंपीणकाकूंना विचारतेस, “पोरगी काय म्हणाली हो?” त्यापेक्षा पत्र बरं.

तुझी
नकटी


१७ जानेवारी

नकटे,

पत्र पोचलं. शिंपीणबाईंना दोनदा वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “शाळा सुटली की तुमच्या काउंटरखाली बसून पेन्सिली चावायची, ती हीच ना?” म्हटलं, “हीच. आता मुळ्या चावणार आहे.”

मुळ्या या पार्सलात आहेत. मागच्या अंगणातल्या वाफ्यातली तीन झाडं काढली. सात सात वर्षांची होती, त्याच्या आत मुळी अंगठ्याएवढी जाड होतच नाही. एरवी मी एका वेळी एकच झाड काढते, पण म्हटलं, घरचं कार्य आहे, हात आखडता कशाला घ्यायचा?

तू साफ मागितल्यास, म्हणून साफ करून पाठवल्यात. एकेक मुळी हातात घेऊन. पुरते चार दिवस लागले आणि बोटं अशी आखडली की दुकानाची किल्ली फिरेना. रोज पुडीचा एक चमचा घेते, ते चार दिवस दोन घेतले. आपलंच औषध आपल्याला, दुसरं काय! पण एका मुळीवर डाग ठेवलेला नाही. तुझ्या सरांनी बघून म्हणायला हवं, बाई टापटिपीची आहे.

काही मिसळू नको म्हणून रेघ मारलीस ती बघितली. मी कधी काय मिसळते गं? पण असो. त्या यंत्रांचा धाक असेल तुला.

वेळेवर जेवत जा. मागच्या खेपेला आलीस तेव्हा तुझी गालफडं बसली होती.

आत्या


२ मार्च

आत्या,

तुझ्या मुळ्या पाहून सगळी प्रयोगशाळा गोळा झाली. पांढऱ्याधोप, खडूसारख्या! सर म्हणाले, “इतकं मन लावून नमुना कोणी पाठवत नाही.” मला उगाच कॉलर ताठ करावीशी वाटली.

इथे काय चालतं ते सांगते. मुळ्या दळून पूड केली आणि ती तीन दिवस मेथनॉलमध्ये भिजत घातली. मेथनॉल म्हणजे एका जातीचं अल्कोहोल, पिण्याचं नव्हे, शिंपीणकाकूंना सांग. मग गाळून घेतलं आणि मंद आचेवर सगळं मेथनॉल उडवलं. खाली काकवीसारखा चिकट अर्क उरला. आता खरी गंमत. माझ्या उंचीची एक काचेची उभी नळी आहे. तिच्यात पिठासारखी बारीक सिलिका ठासून भरायची, वर हा अर्क ठेवायचा आणि वरून थेंब थेंब द्रावण सोडत राहायचं. अर्कातलं प्रत्येक द्रव्य आपापल्या चालीने खाली उतरतं. कोणी धावत, कोणी रखडत. खाली मी छोट्या छोट्या नळ्या धरून बसलेली. आतापर्यंत एकशे चाळीस भरल्या.

म्हणजे पी हळद नि हो गोरी असं इथे काही नसतं. पहिल्यांदा नळी तडकली. मग पंप बंद पडला. मग मधेच वीज गेली आणि एका आठवड्याचं काम वाया गेलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, हे तू लहानपणापासून ऐकवत होतीस, ते आता खरं ठरतंय.

तू विचारणारच, जिभेला लावून बघितलीस का? नाही. इथे काहीही तोंडात घालायचं नाही असा कडक नियम आहे.

तुझी
नकटी


११ मार्च

नकटे,

जिभेला न लावता मुळी कशी ओळखणार बाई तुम्ही? नियम करणाऱ्याने कधी मुळी विकली नसेल. असो, तुमचं शास्त्र तुम्हाला ठाऊक.

इथे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. बेकरीवाल्याला, टपालवाल्याला, त्या गुडघे धरून येणाऱ्या शाळेच्या बाईंना. सगळे विचारतात, “काय झालं तुमच्या मुळीचं?” जसं काही मी परीक्षेला बसलेय.

तसं खरंच बसलेय म्हण. तुला म्हणून सांगते. चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आले, “घ्या, बरं वाटेल.” कोणी “का बरं वाटेल” असं विचारलं की माझी दातखीळ बसते. सासूबाईंनी दाखवली म्हणून मी देते, त्यांना त्यांच्या सासूने दाखवली. कोपऱ्यावर नवा डॉक्टर आलाय, पोरगेलासा. वाईट नाही, पण माझ्या दुकानाची पाटी वाचली की हसतो. त्याच्यासमोर मला एकदा सांगायचंय, हे बघ, हिच्यात हे आहे. एवढीच हौस राहिलीय.

आणि काही नसेल तर तसं सांग. भीड धरू नकोस. मला खोटं चालत नाही, देताना नाही आणि घेतानाही नाही.

आत्या


२३ जून

आत्या,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता एका दमात सांगून टाकते. कडूमुळीत काही नाही.

म्हणजे अगदी मोकळी आहे असं नाही. पिठूळ पदार्थ आहे, थोडी साखर आहे. एक पांढरं मेणचट द्रव्य मिळालं, त्याचे सुयांसारखे स्फटिक झाले तेव्हा मी खुर्चीवरून उठून नाचले होते. मग त्याची ओळख पटली. ते जवळजवळ प्रत्येक झाडात असतं. पालकात असतं, शेंगदाण्यात असतं, दारातल्या गवतात असतं. आमच्यात त्याची थट्टा करतात, म्हणतात, कोणाला काही सापडलं नाही की ते सापडतं. पेशींवर चाचणीही केली. नुसतं पाणी घातलं असतं तर जेवढं झालं असतं तेवढंच झालं.

तू म्हणाली होतीस, भीड धरू नकोस. नाही धरली.

तू मनाला लावून घेऊ नकोस हं. लोकांना बरं वाटतं ते काही खोटं नाही. तू त्यांचा हात हातात घेतेस, एकेक बोट दाबून बघतेस, घरची चौकशी करतेस. कोण करतं आजकाल एवढं? मुळी नुसतं निमित्त आहे. खरं औषध तूच आहेस.

सर म्हणतात, ‘नाही’ हेही उत्तरच असतं, आणि ते छापायला धैर्य लागतं. तर छापतोय.

तुझी
नकटी


३ जुलै

नकटे,

पत्र मिळालं. बरं झालं सांगितलंस. तुझं काम नीट पार पडलं ना, मग झालं.

इथे सगळं ठीक आहे. दुकानात आता झाडू आणि साबण ठेवायचं म्हणतेय. त्यांना कोणी ‘का’ म्हणून विचारत नाही.

डोळ्यांना जप.

आत्या


१८ नोव्हेंबर

आत्या,

तुझं मागचं पत्र चार ओळींचं आलं. मला वाटलं, झाडू-साबणाची गडबड असेल. मग मीच साडेचार महिने कागदाला हात लावला नाही. काम होतं हे खरं, पण तेवढं एकच कारण नव्हतं. काय लिहावं ते सुचत नव्हतं. रागावली नाहीस ना?

शोधनिबंध छापून आला. एक प्रत सोबत आहे. भाषा तुला कळायची नाही, पण शेवटच्या पानावर पेन्सिलीने खूण केलीय. तिथे लिहिलंय, ‘मुळ्या पुरवल्याबद्दल लेखिकेच्या आत्याचे आभार.’ सरांनी विचारलं, नाव घालू की नको. म्हटलं, आत्याच घाला, मी तिला दुसऱ्या नावाने ओळखतच नाही.

आता प्रबंध लिहायला बसलेय. त्यात नमुना कसा तयार केला हे एका परिच्छेदात सांगावं लागतं. निव्वळ उपचार आहे, पण परीक्षक विचारतात. तेवढं मला कळव: मुळ्या कधी काढल्या, कशाने धुतल्या, उन्हात वाळवल्या की सावलीत, किती दिवस, आणि साफ कशा केल्या.

तू सुखात आहेस ना? मुळ्या कुटण्यातून सुटलीस, आता जरा पाय पसरून बस.

तुझी
नकटी


२९ नोव्हेंबर

पोरी,

अक्षर बघून दचकू नकोस. मी शिंपीणकाकू. तुझ्या आत्याचा चष्मा फुटलाय, म्हणून ती सांगतेय आणि मी लिहितेय. आता पुढचं सगळं तिचं.

नकटे, मी कशाला रागवू? तुझ्या प्रश्नांची उत्तरं घे.

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात काढल्या. तीन पाण्यांनी धुतल्या. सावलीत पाच दिवस वाळवल्या, दुकानाच्या माळ्यावर. मग साफ केल्या. कशाने म्हणजे काय, माझ्या त्या छोट्या वाकड्या सुरीने. पिवळं सगळं खरवडून काढलं, आतलं पांढरं लागेपर्यंत. मुळी ओली असते तेव्हा साल सहज सुटते, वाळली की चिकटून बसते. म्हणून तर चार दिवस लागले. पुडीसाठी मी एवढं कधी करत नाही, ती सालीसकटच कुटते. साफ मुळी आम्ही फक्त काउंटरवरच्या काचेच्या बरणीत ठेवतो, गिऱ्हाइकाला देखणी दिसते म्हणून. आमच्या धंद्यात साफ म्हणजे सोललेली. धुतलेल्या काय, सगळ्याच असतात. तू साफ म्हणालीस, तर मला वाटलं, तुमच्याकडे तशाच लागत असतील. साल म्हणजे तुमच्या लेखी कचराच असणार. खरवडलेलं सगळं चुलीत घातलं.

एवढं पुरे का परीक्षकांना?

आत्या

(छापलेला कागद तिने ट्रंकेत कपड्यांच्या घडीखाली ठेवलाय. तू खूण केलेल्या ओळीवरून दोनदा हात फिरवला. — शिंपीणकाकू)


५ डिसेंबर

आत्या,

काकू, हे तिला हळूहळू वाचून दाखवा.

तुमचं पत्र प्रयोगशाळेत उघडलं आणि तिथेच बसून राहिले. शेजारचा सहकारी विचारायला लागला, घरी काही झालं का? म्हटलं, हो.

आत्या, मुळीचं बरंचसं धन सालीत असतं. किडीशी, बुरशीशी मुळीला बाहेरच्या अंगानेच लढायचं असतं ना, म्हणून कडू, तिखट, रंगीत जे काही असतं ते ती सालीत साठवते. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवते. आणि मी सहा महिने आतलं पांढरं लाकूड उकरत बसले. ‘साफ’ म्हणताना माझ्या मनात माती होती, तुझ्या मनात साल. तू बोटं आखडेपर्यंत माझ्यासाठी औषध खरवडून काढलंस आणि मला उरलेलं दिलंस. आणि मग मीच तुला सांगितलं की त्यात काही नाही.

हे पाच प्रश्न मी कामाच्या आधी विचारायचे असतात. मी ते छापून झाल्यावर विचारले. बैल गेला नि झोपा केला.

पण अजून वेळ गेलेली नाही. न सोललेल्या मुळ्या पाठव. थोड्या चालतील. वाफ्यातलं एक झाड काढ, लहान असलं तरी चालेल. ते जमत नसेल तर दुकानातली पूड पाठव, जेवढी असेल तेवढी. मी सगळं पहिल्यापासून करते. साफ करू नकोस. धुऊसुद्धा नकोस.

तुझी
नकटी


१४ डिसेंबर

पोरी,

या पत्रातलं पहिलं अर्धं तुझ्या आत्याचं आहे. दुसरं अर्धं माझं, ते तिला वाचून दाखवणार नाही.

नकटे, मुळ्या नाहीत. वाफ्यात आता टोमॅटो आहेत. पुडीचा खण पण रिकामा केला होता. जिथून सासूबाईंनी पहिली रोपं आणली ती टेकडीपलीकडची जागा मला ठाऊक आहे, पण सांगायला बसले तर सांगता येत नाही. आज शिंपीणबाईंना तीनदा सांगून बघितलं आणि तिन्ही वेळा वाट निराळी निघाली. ती पायांनाच येत होती. आता पाय तिथवर जात नाहीत. तू जीव जाळू नकोस. तुझ्याकडून झालं तसं माझ्याकडूनही झालं. मी विचारायला हवं होतं, साल का नको म्हणून. पण शिकल्यासवरल्या माणसाला काय विचारायचं, असं वाटलं.

इथे तिचं संपलं. आता माझं ऐक.

जूनमध्ये तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने मला हाक मारली आणि टोपली धरायला लावली. वाफ्यातली उरलेली अकरा झाडं कुदळीने खणून काढली. काही तर दोन दोन वर्षांचीच होती. मी म्हटलं, “अहो, राहू द्या, पानं तरी हिरवी दिसतात.” म्हणाली, “शिंपीणबाई, असलेलं झाड हात थांबू देत नाही. उद्या कोणी कळवळून मागितलं तर मी देईन, आणि ते खोटं असेल.” सगळं कचऱ्याच्या गाडीत घातलं. लोक यायचे, त्यांना सांगायची, “त्यात काही नाही, माझ्या भाचीने बघितलंय.” बेकरीवाला हमरीतुमरीवर आला. म्हणाला, “तुमच्या भाचीला कळत नसेल, माझ्या गुडघ्यांना कळतं.” तरी दिली नाही.

स्वतःचा चमचाही त्याच दिवशी बंद केला. सप्टेंबरपर्यंत बोटं मिटत गेली. आता उजव्या हाताची तीन उघडतच नाहीत. चष्मा फुटलेला नाही, पोरी, चांगला धडधाकट आहे. पेन धरता येत नाही. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली होती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत. तो बिचारा घरी येऊन बघून जातो, आता हसत नाही. सूज उतरलीय, पण वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत म्हणाला. मुळी बंद केल्यामुळे झालं की वयामुळे, ते मला शिंपिणीला काय कळणार.

मी तिचं ऐकलं नव्हतं. तिने फेकायला सांगितलेली पूड मी बटणांच्या डब्यात लपवली आणि गुपचूप घेत राहिले. माझ्याही बोटांवर पोट आहे गं. तळाला चिमूटभर उरली होती. तुझं पत्र आल्यावर कबूल केलं आणि डबा तिच्यापुढे ठेवला, म्हटलं, तुम्हीच घ्या. तिने वास घेतला. मग म्हणाली, “नकटीला पाठवा.”

ती पुडी सोबत आहे. तिच्यात दोऱ्याचे तुकडे असतील, ते काढून घे.

शिंपीणकाकू


१९ जानेवारी

आत्या,

पुडीतून सात दोरे निघाले. ते काढून पूड तोलली, एक ग्रॅमसुद्धा भरली नाही.

तिचा अर्क काढून एक थेंब पट्टीवर चढवला. काचेची पट्टी असते, तिच्यावर सिलिकेचा पातळ थर. थेंब वर चढताना द्रव्यं वेगवेगळी होतात आणि जांभळ्या दिव्याखाली दिसतात. पहिल्या खेपेला, तुझ्या पांढऱ्या मुळ्यांच्या वेळी, पट्टी जवळजवळ कोरी होती. या वेळी दिवा लावला आणि दोन ठिपके पेटले. पिवळेजर्द. एक मोठा, एक त्याच्याखाली लहान. मी सरांना बोलवायला गेले आणि दारातूनच परत आले, पुन्हा बघायला.

आहे, आत्या. तुझ्या मुळीत काहीतरी आहे.

काय आहे ते मात्र सांगता येत नाही. मोठा ठिपका खरवडून शुद्ध केला तर बशीच्या तळाला नुसती पिवळी झाक उरली. यंत्राने त्याच्या रेणूचं वजन सांगितलं. ते वजन आमच्या यादीतल्या कुठल्याच ओळखीच्या द्रव्याशी जुळत नाही. त्याची घडण कळायला याच्या कितीतरी पट द्रव्य लागेल. ते सुजेवर चालतं की नाही, हे तर त्याच्याही पुढचं. आणि झाड कुठलं ते शोधायचं तर वनस्पतीवाल्यांना पान दाखवावं लागतं. नमुना आला की आधी एक फांदी पानांसकट दाबून ठेवायची, हा आमचा पहिला धडा. मी ती मागवलीच नाही. वाटलं, झाड कुठे पळतंय, घरचंच तर आहे.

सर म्हणाले, चिमूटभर पुडीवर निबंध मागे घेता येत नाही. पण एक ओळ दुरुस्ती म्हणून छापून घेऊ: ‘तपासलेल्या मुळ्यांची साल काढलेली होती.’ मी पाठवली आहे.

काकूंनी मला सगळं कळवलंय. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी कळवलं नसतं तर मी आणखी कितीतरी वर्षं ‘तू सुखात आहेस ना’ असं लिहीत बसले असते.

आता एक राहिलं. ते सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही. काकू, हेही वाचून दाखवा, गाळू नका.

मी त्या दुकानात वाढले. पिवळी पूड रोज पाहिली, पुड्या बांधून माझीही बोटं पिवळी झाली. मग पार्सलातून पांढऱ्या मुळ्या निघाल्या तेव्हा मला प्रश्न का पडला नाही? कारण मला त्याचं उत्तर ठाऊक होतं. म्हणजे तसं वाटत होतं. दहा वर्षांची असेन. काउंटरवरच्या बरणीत पांढरी मुळी आणि खणात पिवळी पूड, हे बघून मी मनाशी दोन नि दोन चार केले. मला वाटलं, तू हळद घालतेस. कोणाला बोलले नाही. तू आवडायचीस मला. वाटलं, दुकान म्हटलं की थोडं चालायचंच. पार्सल उघडून पांढऱ्या मुळ्या दिसल्या तेव्हा मनात आलं, चला, हळदीशिवाय अशी दिसते तर. पहिल्या पत्रातली ती रेघ मी म्हणून मारली होती.

नकटी


१ फेब्रुवारी

नकटे,

शिंपीणबाईंना सांगितलंय, मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं, मधे गोड करायचं नाही.

दोन ठिपक्यांचं वाचून बरं वाटलं. डॉक्टरला सांगितलं. त्याने खुर्ची ओढून घेतली आणि पिवळा कसला, किती मोठा, सगळं विचारलं. मी म्हटलं, आहे एवढं कळलंय, काय आहे ते नाही. म्हणजे मी चाळीस वर्षं जिथे उभी होते तिथेच आहे, पण आता एकटी नाही. दुरुस्तीची ओळ छापलीस ते बरं केलंस.

हळदीचं वाचलं आणि शिंपीणबाई थांबल्या. मी म्हटलं, पुढे वाचा. पुढे काही नव्हतं.

मुळीत काही नाही म्हणालीस तेव्हा मला वाईट वाटलं होतं, राग नव्हता आला. वाटलं, सासूबाई चुकल्या, त्यांची सासू चुकली, मी चुकले. जाणूनबुजून कोणीच नाही. वाफा खणताना मला त्याचाच आधार होता. आणि तू मात्र दहाव्या वर्षापासून धरून चालली होतीस की आत्या हळद विकते. माझ्या हातचं जेवलीस, माझ्या कुशीत झोपलीस, सरांपुढे माझं नाव घेतलंस, सगळं ते धरूनच. आणि तरी माया केलीस. यात राग कशावर धरायचा तेच मला सापडत नाही, म्हणून आठवडाभर पत्र लिहिलं नाही.

तू ये. सुट्टी मिळाली की ये. शिंपीणबाई म्हणतात, टेकडीपलीकडे त्या तुला घेऊन जातील, मी पाय नेतील तिथवर येईन आणि मागून हाका मारून वाट सांगेन. एखादं रोप सापडलं तर सापडलं. सात वर्षांनी त्याची मुळी जाड होईल तेव्हा तू असशील. मी त्या हिशेबात नाही, पण तू असशील.

पण नकटे, विचारायचं होतंस गं. काउंटरखालून नुसतं डोकं वर काढून म्हणायचं होतंस, आत्या, ही पांढरी नि ती पिवळी का? मी हातातलं काम टाकून, माळ्यावरची एक मुळी आणून, तिथल्या तिथे मोडून तुझ्या हातात दिली असती. वर साल पिवळी, आत पांढरं. तेव्हा मला मोडता येत होती.

आत्या